विन्सेंटच्या विहिरीची हळद

वाकोल्याच्या गावठणात राहणारा विन्सेंट गेली एकतीस वर्षं गटारातल्या अळ्या पाळतो, आणि ही त्याची कायमस्वरूपी, पेन्शनपात्र नोकरी आहे. त्याच्या सासऱ्यांचा यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. लग्न ठरताना त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मुलगा विद्यापीठात असतो, लॅबमध्ये. सासऱ्यांनी मनातल्या मनात त्याला पांढरा कोट आणि चष्मा चढवला आणि मुलगी दिली. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी जावईबापू मोठ्या कौतुकाने काचेची बरणी घेऊन सासरी आले. बरणीच्या तळाला चिखल होता आणि चिखलात लालभडक दोऱ्याचे तुकडे वळवळत होते. सासऱ्यांनी बरणी उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि मुलीला विचारलं, "सेराफिना, याचं लोणचं घालतात की हे तळतात?"

"तळायचं काय नाय, पप्पा," विन्सेंट म्हणाला, "ही माझी पोरं हायेत."

विद्यापीठाच्या कागदावर त्याचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं आहे. प्रत्यक्षात तो त्या अळ्यांचा बाप, आई, स्वयंपाकी आणि वॉचमन आहे. अळ्या एका बारीक माशीच्या. मोठी झाली की ती हुबेहूब डासासारखी दिसते, पण चावत नाही, कारण तिला चावण्याजोगं तोंडच नसतं. विन्सेंटच्या मते मात्र हे वळण त्याने लावलेलं आहे. "माझ्या लॅबमधली एक तरी चावलीय का कोणाला?" असं तो छातीवर हात ठेवून विचारतो. अळीच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लाल. त्याच्या जोरावर ती नाल्याच्या गाळातही मजेत राहते, आणि त्या पाण्यात कायकाय विष कालवलंय हे शास्त्रज्ञांना तिच्या अंगावरून वाचता येतं. वस्तीतल्या माणसांच्या आजाराची पहिली बातमी अळीला लागते, असं श्यामकांत सर म्हणतात.

श्यामकांत सर हे लॅबचे प्रमुख. मुलुंडहून येतात. अत्यंत सज्जन माणूस, फक्त जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना शोधनिबंधाच्या शीर्षकासारखी दिसते. एकदा कँटीनच्या सांबारात झुरळ निघालं तेव्हा सगळे ओरडत होते आणि सर कागदी रुमालावर शीर्षक लिहीत होते.

अळ्यांचं खाणं पूर्वी परदेशातून यायचं. एका वर्षी खरेदी समितीत त्याची फाईल आठ महिने अडकली. फाईल धडधाकट राहिली, अळ्या मात्र मरायला लागल्या. विन्सेंटने वर्सोव्याहून सुका जवळा आणला, घरच्या मिक्सरला लावला आणि चिमूटचिमूट ट्रेमध्ये घातला. अळ्या दीडपट झाल्या. पुढे फाईल मंजूर होऊन परदेशी खाणं आलं तेव्हा अळ्यांनी त्याला शिवायलाही नकार दिला, असं विन्सेंट सांगतो. मिक्सरचं काय झालं ते सेराफिना सांगते, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि पाणी. अळ्यांना नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. ते दोन दिवस उघडं ठेवून मग वापरावं, असा नियम आहे. विन्सेंटला हे अपमानास्पद वाटलं. पोरांना शिळं पाणी? त्याने पहिल्याच वर्षी आपल्या घरामागच्या विहिरीचं पाणी दोन कॅनमध्ये भरून सायकलवरून नेलं, आणि तेव्हापासून आजतागायत, सायकलची स्कूटर झाली तरी, दर सोमवारी आणि गुरुवारी दोन कॅन जातात. या लॅबमधून आजवर अकरा जण डॉक्टर झाले. अकराही प्रबंधांत 'क्लोरीनविरहित पाणी वापरले' असं छापलंय. ते विन्सेंटच्या विहिरीचं होतं हे एकानेही लिहिलं नाही, आणि दोघांनी तर आभारात त्याचं नावही 'व्हिन्सण्ट' असं छापलं.

आमच्या सोसायटीची मागची भिंत या विहिरीला लागून आहे, म्हणून तिचा थाट मला ठाऊक आहे. गावठणातल्या बाकीच्या विहिरींवर स्लॅब पडले आणि स्लॅबवर मोटारसायकली उभ्या राहिल्या. ही एकच उघडी राहिली, आणि ती विन्सेंटच्या घराण्याची. या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी 'उंबराचं पाणी' आणायची रीत आहे. नऊवारी लुगडी नेसून बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, मेणबत्ती लावतात, हंडे भरतात आणि त्या पाण्याने नवऱ्याला किंवा नवरीला अंघोळ घालतात. अख्खं गावठण त्यासाठी विन्सेंटच्या विहिरीवर येतं आणि पहिला हंडा विन्सेंट स्वतः ओढून देतो. त्या दिवशी तो ज्या चेहऱ्याने दोर ओढतो, त्या चेहऱ्याने लोक ध्वजारोहण करतात.

यंदा मे महिन्यात त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, नॅटलीचं लग्न ठरलं. मुलगा गोरेगावचा, शॉन. विन्सेंटने एप्रिलपासून तयारीला सुरुवात केली. हॉल, बँड, जेवण हे सगळं सेराफिनाने पाहिलं. विन्सेंटने पाहिली विहीर. कठड्याला चुना लावला, कप्पीला तेल दिलं. विहिरीवर आडवी टाकलेली सागवानी तुळई त्याच्या आजोबांच्या हातची. तिला एका टोकाला वाळवी लागलेली दिसली, तेव्हा तुळईला एक औषध चांगलं तीन वेळा लावून त्याने वाळवीचा कायमचा बंदोबस्त केला. तुळई तांबूस चमकायला लागली. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून नेऊन तुळई दाखवायचा. वासाने लोक दोन पावलं मागे सरायचे. त्याला वाटायचं, आदराने.

याच सुमारास लॅबमध्ये उत्तराचा शेवटचा प्रयोग चालू होता.

उत्तरा बोरिवलीची. आई बँकेत, वडील इंजिनिअर, आणि घरात कुणी विचारलं की मुलगी 'बायोकेमिस्ट्री' करते असं सांगायचे, कारण 'गटारातल्या अळ्यांचे मेंदू वाटते' हे पाहुण्यांसमोर सांगणं कठीण. तिचं काम साधं होतं. प्राण्यांच्या मज्जातंतूंत एक एन्झाइम असतं. ते काय करतं हे तिने विन्सेंटला पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

"अंकल, दाराची बेल असते ना, बटण दाबलं की वाजते, सोडलं की थांबते. हे एन्झाइम म्हणजे ती थांबवणारी स्प्रिंग. किडे मारायची औषधं ही स्प्रिंगच अडकवून टाकतात. मग बेल वाजतच राहते."

"मग घरातला माणूस वेडा होईल ना."

"अळी पण वेडी होते. नाचत सुटते आणि मरते."

मग ती अळ्या वाटून त्यात एक रसायन घालायची. एन्झाइम तंदुरुस्त असेल तर नळी झकास पिवळी व्हायची. विषाने मारलं असेल तर पांढरी ती पांढरीच. विन्सेंटने पहिली पिवळी नळी पाहिली आणि म्हणाला, "अरे वा! हळद लागली की हिला!" तेव्हापासून लॅबमध्ये सगळे तेच म्हणायला लागले. "सर, तीन नंबरला हळद लागली, पाच नंबर कोरी."

फक्त अळ्या वाटायची वेळ आली की विन्सेंट लॅबमध्ये थांबत नसे. चिमट्याने अळ्या मोजून द्यायच्या, ट्रे जागेवर ठेवायचा आणि "मी जरा चहा घेऊन येतो" म्हणून निघायचं. एकतीस वर्षांत तो त्या वेळी एकदाही खोलीत नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला चहा आवडत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं.

उत्तराने तीन ठिकाणच्या नाल्यांचं पाणी आणलं होतं. त्यांच्या तुलनेला चौथं, स्वच्छ पाणी, म्हणजे कंट्रोल. ते अर्थातच विन्सेंटच्या विहिरीचं. "माझी विहीर कंट्रोल हाय," असं तो गावठणात सांगायचा. लोकांना वाटायचं सरकारने काहीतरी पदवी दिली.

मंगळवारी दुपारी उत्तराने चारही नळ्या स्टँडवर लावल्या. दहा मिनिटांनी नाल्याच्या तिन्ही नळ्या फिकट पिवळ्या झाल्या. कंट्रोलची नळी दुधासारखी पांढरी.

तिने पुन्हा केलं. पुन्हा पांढरी. बुधवारी नवीन रसायन बनवून केलं. पांढरी.

"याचा अर्थ असा," ती खुर्चीत बसून म्हणाली, "की माणसाने तब्येत सांभाळायची असेल तर नाल्यात राहायला जावं."

श्यामकांत सर हे ऐकून आतून धावत आले. त्यांचे डोळे चमकत होते. "उत्तरा! नाल्याच्या पाण्याचा संरक्षक गुणधर्म! तुला कळतंय का हे काय आहे? शीर्षक लिही."

"सर, कंट्रोल बिघडलाय."

"असं एकदम निराश होऊ नये."

"सर, कंट्रोलच्या अळ्या नाचतायत."

हे खरं होतं. त्यांना नाचताना विन्सेंटने सोमवारीच पाहिलं होतं, आणि सेराफिनाला घरी जाऊन सांगितलंही होतं, "पोरांना नॅटलीच्या लग्नाची खबर लागली वाटतं." गुरुवारी सकाळी त्या नाचणाऱ्या पोरांतली निम्मी ट्रेच्या तळाशी निपचित पडली होती. अकरापैकी नऊ ट्रेमध्ये तीच गत. दहाव्यातल्या डुलायला लागल्या होत्या. खिडकीजवळच्या शेवटच्या ट्रेचं पाणी बदलायचं राहून गेलं होतं, तेवढाच धड होता.

सर ट्रेवर वाकले, मग सरळ झाले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "विन्सेंट, पाणी कुठलं?"

"विहिरीचं. कायमचंच."

"तेच म्हणतो मी."

इतक्या वर्षांत विन्सेंटच्या विहिरीबद्दल कुणी असा स्वर काढला नव्हता. त्याने कोट खुंटीला लावला आणि खुर्ची ओढून शेवटच्या ट्रेजवळ बसला, आजाऱ्याजवळ बसतात तसा.

उत्तराने दुकानातून बाटलीबंद पाणी आणलं. शेवटच्या ट्रेमधल्या थोड्या अळ्या बाटलीच्या पाण्यात आणि थोड्या विहिरीच्या पाण्यात दोन दिवस ठेवल्या. शनिवारी बाटलीवाली नळी पिवळीधमक झाली. विहिरीची कोरी.

"अंकल," ती म्हणाली, "विहिरीत कीटकनाशक आहे. तुम्ही लोक पिता का ते पाणी?"

"प्यायला नळ हाय. विहीर लग्नाला." आणि मग त्याच्या लक्षात आलं की लग्न पंधरा दिवसांवर आहे.

चर्चच्या आवारात रविवारच्या मिसानंतर विन्सेंटने गावठण गोळा केलं. गुन्हेगार उघड होता. गावठणाच्या टोकाला एक टॉवर उठत होता, आणि टॉवर उठतो तिथे पायात वाळवीचं औषध ओततात, हे शेंबडं पोरही सांगेल. विन्सेंटने तिथल्या तिथे अर्ज लिहिला. त्याच्या अक्षराला आणि रागाला त्या दिवशी तोड नव्हती. 'विहीर बाटवणाऱ्या इसमाने ती स्वतः साफ करून द्यावी, आणि क्रुसासमोर उभं राहून सर्व गावठणाची जाहीर माफी मागावी.' सेहेचाळीस सह्या झाल्या. पहिली विन्सेंटची.

अर्ज खिशात आणि मेलेल्या अळ्यांची बाटली हातात घेऊन तो टॉवरच्या साइटवर गेला. तिथला सुपरवायझर सहदेव कणकवलीकडचा. विन्सेंटशी त्याची चांगली ओळख, येता-जाता मासळीच्या गप्पा.

"सहदेव, तुझ्या बिल्डरने माझी विहीर मारली!"

"आमी?" सहदेवने बाटलीत डोकावून पाहिलं. "ह्या काय, मामा? कोलंबी?"

"कोलंबी नाय, पुरावा हाय! वाळवीचं औषध ओतलंत तुम्ही पायात."

"अहो मामा, पाया खंय हा? आमचो खड्डोच अजून पुरो जावक नाय. बघा तरी."

विन्सेंटने पाहिलं. खड्डा होता. खड्ड्यात दोन बेडूक होते आणि दोघेही ठणठणीत दिसत होते.

"औषधाचो एकच डबो इलेलो," सहदेव सहज म्हणाला, "आणि तो तर तुमीच नेलात माझ्याकडसून. तुळईक वाळवी लागली म्हणान."

विन्सेंटने पुन्हा एकदा बेडकांकडे पाहिलं.

"ते तर लाकडाला लावायचं औषध," तो म्हणाला.

"पायात ओततत ताच. डब्यार ही एवढी कवटी होती मामा, लाल. दिसूक नाय तुमका?"

"दिसली," विन्सेंट म्हणाला. "मला वाटलं ती वाळवीला उद्देशून हाय."

त्याच्या मनात किड्यांच्या दोन जाती पक्क्या होत्या: वाळवी, आणि आपली पोरं. औषधालाही तो फरक कळत असेल असं त्याने मनापासून धरून चाललेलं होतं. एकतीस वर्षं कीटकांच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला ही चूक सुचली नसती. तीन वेळा भरपूर लावलेलं औषध तुळईवरून थेंबाथेंबाने सरळ खाली विहिरीत उतरलं होतं, आणि तिथून कॅनमध्ये, आणि कॅनमधून पोरांच्या ट्रेमध्ये.

घरी सेराफिना लग्नाच्या मसाल्याच्या बाटल्या भरत होती. नॅटली मोबाइलवर बँडवाल्याशी भांडत होती. विन्सेंट दारातच उभा राहिला.

"विहीर कोणी बाटवली कळलं," तो म्हणाला.

"कोण तो मेला? नाव सांग, मी बघते त्याला."

"सेराफिना..."

"नाव सांग!"

"त्याचं नाव अर्जावर पहिलं हाय."

सेराफिनाला कळायला एखादं मिनिट लागलं. मग तिने हातातला मसाल्याचा डाव खाली ठेवला. डाव खाली ठेवला की काय येतं ते विन्सेंटला माहीत होतं.

"किड्यांच्या शाळेत एकतीस वर्षं गेलास," ती म्हणाली, "आणि वाळवीचं औषध विहिरीच्या डोक्यावर ओतलंस?"

"ओतलं नाय गो. ब्रशने लावलं."

"अगो माझे बाय, ब्रशने! अंघोळीला पोरगी बसणार, आणि हा ब्रशने लावतो!"

नॅटली फोन ठेवून आली. ती विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात काम करते आणि घरात सर्वांत व्यवहारी. उंबराच्या पाण्याची चेष्टा करण्यात तीच पुढे असायची. आजवर तिने शंभरदा म्हटलं होतं की त्यापेक्षा गीझर लावा. आई-वडिलांचं ऐकून घेऊन ती म्हणाली, "टँकर मागवू. नाहीतर बाथरूममधून दोन हंडे भरून विहिरीवर ठेवू. कोणाला कळतंय?"

"हां," विन्सेंट घाईघाईने म्हणाला, "तसं पण करता येईल."

यावर नॅटलीचा चेहरा एकदम लहानपणचा झाला. "तुम्ही हो काय म्हणता, डॅडी? मी नुसतं बोलले. तुम्हाला ह्याच पाण्याने घातली, ग्रँडपांना ह्याच पाण्याने घातली. मला काय मिनरल वॉटरने घालणार? मग मी अंघोळच करणार नाय!"

आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी मिसानंतर विन्सेंट क्रुसासमोर उभा राहिला. स्वतःच लिहिलेला अर्ज त्याने स्वतःच वाचून दाखवला आणि स्वतःच मान्य केला. पंचेचाळीस सह्यावाल्यांना काय करावं कळेना. शेवटी मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली, कारण एवढ्या झटपट निकाली निघालेला अर्ज गावठणाने कधी पाहिला नव्हता.

आता विहीर साफ करायची. पंप लावून पाणी उपसायचं, गाळ काढायचा, भिंती घासायच्या, आणि हे दोनदा. विन्सेंटने पाइप नाल्याकडे वळवला तेवढ्यात उत्तरा हजर झाली.

"अंकल, नाल्यात नाही सोडायचं."

"नाला काय, आधीच घाण हाय."

"घाण आहे, पण त्यात तुमच्याच पोरांचे नातेवाईक राहतात."

विन्सेंटने मुकाट्याने पाइप फिरवला. पाणी कोळशातून गाळून काढायचं ठरलं. लॅबमधून उत्तराने खास कोळशाचे चार डबे आणले, पण विहीर केवढी आणि डबे केवढे. तेव्हा तिची नजर मांडवाच्या स्वयंपाकासाठी रचून ठेवलेल्या कोळशाच्या पोत्यांवर गेली. सेराफिना पोत्यांसमोर हात पसरून उभी राहिली. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल कोळशावरच झालं पाहिजे, गॅसवर केलं तर वरपक्ष काय म्हणेल, असा तिचा सवाल होता. उत्तराने तिला दोन मिनिटं बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. सेराफिना परतली आणि पहिलं पोतं तिनेच गाळायच्या पिंपात रिकामं केलं. काय सांगितलं होतं ते पुढे कळलं: "आंटी, वरपक्ष आठवड्यात विसरेल. नॅटली नाही विसरणार." गाळलेल्या पाण्याचा नमुना तपासून, नळी पिवळी झाल्यावरच उत्तराने ते पाणी सोडू दिलं.

तुळई काढावीच लागली. विद्यापीठाची धोकादायक कचऱ्याची गाडी आली. गाळ, वापरलेला कोळसा आणि आजोबांच्या हातची तुळई असं सगळं चढवलं. विन्सेंट गाडीमागून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, टोपी काढून. तिच्या जागी लोखंडी पाइप बसला. त्याला वाळवी लागत नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला.

लग्नाच्या आठवड्यात विहिरीला नवं पाणी चढलं. गुरुवारी उत्तराने लॅबमध्ये त्या पाण्याच्या नमुन्यात अळ्या सोडायचं ठरवलं. निकाल शनिवारी दुपारी, आणि शनिवारी सहा वाजता बँड.

अळ्या आता फक्त शेवटच्या ट्रेमध्ये उरल्या होत्या. त्यांच्यावरच विन्सेंटला सगळं कुटुंब पुन्हा उभं करायचं होतं. त्याने चिमटा घेतला आणि वीस उचलल्या. थांबला. मग आणखी दोन.

"वीस पुरतात, अंकल."

"असू दे. आहेरात वर काहीतरी घालतात."

शनिवारी साडेचारला तो लॅबमध्ये आला तो नवीन सूट घालून, कोटाला फूल लावून. श्यामकांत सरही सुट्टीचा दिवस असून मुलुंडहून आले होते. उत्तराने बर्फाचा डबा ओढला आणि बावीसही अळ्या मोजून घेतल्या. बावीसच्या बावीस जिवंत होत्या, हे चांगलं होतं. पण चांगलं दिसणं वेगळं आणि हळद लागणं वेगळं.

"अंकल, तुम्ही चहा घेऊन या," ती हळूच म्हणाली.

"आज नाय," विन्सेंट म्हणाला. "माझ्या घरचं कार्य हाय."

तो तिथेच उभा राहिला, टाय सरळ करून, दोन्ही हात समोर बांधून. उत्तराने तिचं काम केलं. त्याने मान वळवली नाही, डोळे मात्र एकदाच मिटले. मग रसायनाचे थेंब पडले आणि तिघंही नळीवर वाकले.

एक मिनिट. दोन. नळी पांढरी.

"धीर धरा," सर म्हणाले. त्यांच्या हातात कागद-पेन होतं, पण कागद कोरा होता.

तिसऱ्या मिनिटाला तळाशी काहीतरी उजळल्यासारखं झालं. विन्सेंटला वाटलं खिडकीतलं ऊन. त्याने जाऊन पडदा ओढला. उजळलेलं तसंच राहिलं. मग ते वर चढायला लागलं, आधी लिंबासारखं, मग आंब्यासारखं, आणि सातव्या मिनिटाला नळी अशी पिवळी झाली की रंग मोजायच्या यंत्रात घालायची गरजच नव्हती. उत्तराने तरी ती घातली, कारण ती बोरिवलीची.

"बाटलीच्या पाण्यापेक्षा दोन टक्के जास्त आहे, अंकल."

विन्सेंटने फोन लावला. पलीकडे सेराफिनाचा आवाज आला, "बोल लवकर, इथे बँडवाले बसलेत."

"लागली," विन्सेंट म्हणाला. "लागली गो हळद, लागली!"

बँडवाल्यांना बाकी काही ठाऊक नव्हतं, पण सेराफिनाची किंचाळी ऐकून त्यांनी ती सुरुवातीची खूण समजली आणि वेळेच्या पाऊण तास आधी जोरात वाजवायला घेतलं. विन्सेंट स्कूटरवर बसला तेव्हा मागे उत्तरा होती, पांढऱ्या कोटात. सर रिक्षाने आले.

विहिरीवर बायकांनी मेणबत्ती लावली. विन्सेंटने सूटच्या बाह्या सरसावल्या आणि दोर हातात घेतला. कप्पी लोखंडी पाइपवर कुरकुरली, तुळईवर कधी कुरकुरत नसे. पहिला हंडा वर आला. एरवी तो थेट सेराफिनाच्या हातात जातो. या वेळी विन्सेंटने तो आधी उत्तरासमोर धरला. तिला काय करायचं ते कळेना, म्हणून तिने सवयीने वाकून आत तरंगणारं काही आहे का ते पाहिलं आणि मान डोलावली. मग हंडा पुढे गेला.

अंगणात नॅटलीला पाटावर बसवलं होतं. पहिला तांब्या डोक्यावर पडला आणि ती किंचाळली, "डॅडी! केवढं थंड हाय!"

"थंड हाय," विन्सेंट दारातून ओरडला, "पण बावीस जणांनी पास केलंय!"

आणि सगळे नॅटलीभोवती असताना तो मागच्या दाराने पुन्हा विहिरीवर गेला. लग्नाच्या सूटमध्ये, फुलासकट, त्याने दोन कॅन भरून स्कूटरला लावले. सोमवारी वरातीचं आवरण्यात सकाळ जाणार होती, आणि शेवटच्या ट्रेमधली पोरं तोपर्यंत बाटलीच्या पाण्यावर दिवस काढत होती.